इंदुरात बसून शिशाच्या अणुकेंद्रकातले ग्लुऑन कसे मोजायचे: नवख्यांसाठी

इंदुरात कुणी फिजिक्सचं नाव काढलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे कॅटमध्ये का?" (कॅट म्हणजे इथलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र.) राजेंद्रनगर किंवा कॅट रोडच्या बाजूच्या मराठी घरांत तर येतोच येतो. त्यामुळे होळकर सायन्स कॉलेजात किंवा खंडवा रोडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: कणांच्या टकरींचा अभ्यास करायचा तर कॅटमध्ये शिरायला हवं, नाहीतर जिनिव्हाचं तिकीट काढायला हवं. कॅटमधलं इंडस-२ हे यंत्र २.५ जीईव्हीचे (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात फिरवतं ते क्ष-किरणांसारखा प्रकाश मिळवण्यासाठी. तिथे कण एकमेकांवर आपटत नाहीत. आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या टकरींचे आकडे फुकट मिळतात, घरबसल्या, कुणालाही.

तेव्हा हा लेख अशा वाचकासाठी आहे ज्याला विशेष सापेक्षता आणि थोडं क्वांटम मेकॅनिक्स येतं, पायथॉनमध्ये आलेख काढता येतो आणि ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे. विषय अफाट आहे, म्हणून मी एकच वाट सांगणार आहे: शिशाची केंद्रकं, जे-साय नावाचा कण, आणि केंद्रकं एकमेकांना न शिवता जातात त्या टकरी. या वाटेने गेलात तर ग्लुऑनांचा खराखुरा आकडा स्वतः काढता येतो. इतर वाटांवर त्याआधी बरंच जड गणित आडवं येतं.

एक्स आधी, बाकी नंतर

शाळेत शिकलेला प्रोटॉन तीन क्वार्कांचा असतो. त्या तिघांच्या वस्तुमानांची बेरीज केली तर प्रोटॉनच्या ९३८ एमईव्हीपैकी जेमतेम एक टक्का भरतो. उरलेलं वस्तुमान क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या धावपळीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलातून येतं. ग्लुऑन हे त्या बलाचे वाहक. त्यांचा पुरावा १९७९ साली हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत मिळाला, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत कणांचे तीन झोत उमटले तेव्हा. अडचण अशी की ग्लुऑनांना विद्युतभार नाही. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन त्यांच्यावर थेट आदळत नाही, म्हणून ग्लुऑनांची मोजणी नेहमी कुणाच्या तरी मध्यस्थीने करावी लागते.

आता एक्स. वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनचा जो संवेग आहे त्यातला किती हिस्सा या एका ग्लुऑनकडे आहे, तो अपूर्णांक म्हणजे एक्स. ०.१ म्हणजे दहावा हिस्सा, ०.००१ म्हणजे हजारावा. याच्या जोडीला दुसरी राशी असते ती स्केलची, म्हणजे किती बारकाईने पाहिलं त्याची. या दोन राशी न सांगता "प्रोटॉनमध्ये इतके ग्लुऑन" असं म्हणण्याला काही अर्थ नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्या नेमक्या याच दोन गोष्टी गाळतात. कोणताही आलेख समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: हा बिंदू किती एक्सचा?

हॅम्बुर्गच्याच हेरा या यंत्रात १९९२ ते २००७ या काळात २७.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ९२० जीईव्हीपर्यंतचे प्रोटॉन एकमेकांवर सोडले गेले. त्यातून दिसलं की एक्स जसजसा लहान होतो तसतसे प्रोटॉनमधले ग्लुऑन झपाट्याने वाढतात. मग शिशाच्या केंद्रकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन (दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात) आहेत, तर ग्लुऑनही बरोबर २०८ पट असावेत की नाही? नसतात. १९८३ साली सर्नच्या युरोपियन म्यूऑन कोलॅबरेशनने लोखंड आणि ड्यूटेरियम यांची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा केंद्रकातला न्यूक्लिऑन मोकळ्या न्यूक्लिऑनपेक्षा वेगळा दिसतो हे उघड झालं. आज त्याचे चार पट्टे मानतात. एक्स साधारण ०.३ ते ०.७ मध्ये घट, ०.१ च्या आसपास किंचित वाढ, ०.०५ च्या खाली पुन्हा घट, आणि एक्स १ च्या जवळ गेला की न्यूक्लिऑनांच्या आतल्या हालचालीमुळे एकदम उसळी. खालच्या टोकाची घट म्हणजे शॅडोइंग, आणि आपला मुक्काम तिथेच आहे.

ही घट का होते याचा अंदाज एका छोट्या भागाकारातून येतो. एवढ्या एक्सचा ग्लुऑन केंद्रकाच्या स्थिर चौकटीत जितक्या लांबीवर पसरलेला वाटतो ती लांबी म्हणजे साधारण ०.१ फर्मी भागिले एक्स (फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). एक्स ०.१ असेल तर लांबी १ फर्मी, म्हणजे एका न्यूक्लिऑनाएवढी. एक्स ०.०१ झाला की १० फर्मी, आणि शिशाची त्रिज्याच ७ फर्मीच्या आत आहे. एक्स ०.००१ ला तर लांबी १०० फर्मी, म्हणजे संपूर्ण केंद्रकाच्या कितीतरी पलीकडे. अशा वेळी मध्यस्थ कणाला एका ओळीत उभे असलेले सगळे न्यूक्लिऑन एकदम लागतात, त्यांचे ग्लुऑन एकमेकांवर चढतात, आणि मोजणी बेरजेपेक्षा कमी भरते. हा भागाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे दहादा लागेल.

न शिवता होणारी टक्कर

राजेंद्रनगरातल्या एका एम.एस्सी.च्या मुलीने मला विचारलं होतं, "काका, टक्करच होत नाही तर मोजता काय?" प्रश्न रास्त आहे. एबी रोडवर स्कूटरच्या शेजारून भरधाव ट्रक जातो तेव्हा धक्का लागत नाही, तरी हवेचा झोत स्कूटर हलवतो. शिशाच्या केंद्रकाभोवती हवा नाही, विद्युतक्षेत्र आहे. ८२ प्रोटॉनांचं ते क्षेत्र प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने जाताना चपटं होतं आणि समोरच्याला फोटॉनांच्या झोतासारखं लागतं. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९२४ मध्ये मांडली, आणि पुढच्या दशकात वाइझसॅकर आणि विल्यम्स यांनी ती सापेक्षतेच्या चौकटीत बसवली.

झोताची तीव्रता प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८२ चा वर्ग ६७२४, म्हणून सारख्या वेगाच्या प्रोटॉनपेक्षा शिसं काही हजार पट जास्त फोटॉन देतं. दोन केंद्रकांच्या मध्यांतलं अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेहून, म्हणजे साधारण १४ फर्मीहून, जास्त असलं की तीव्र बलाची गाठ पडत नाही. तेव्हा एका केंद्रकाचा फोटॉन दुसऱ्यावर आदळतो आणि बाकी सगळं शांत असतं. अशा टकरींना अल्ट्रापेरिफेरल म्हणतात, आणि बोलताना सगळे नुसतं यूपीसी म्हणतात.

त्या फोटॉनचं पुढे काय होतं? तो क्षणभर चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क अशी जोडी होतो. ही जोडी केंद्रकातून जाताना दोन ग्लुऑनांची देवाणघेवाण करते आणि पलीकडे जे-साय म्हणून बाहेर पडते. जे-साय १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एकाच वेळी शोधला. त्याचं वस्तुमान ३.०९७ जीईव्ही, आणि शंभरातले साधारण सहा जे-साय दोन म्यूऑनांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांत, मोडतात. दोन ग्लुऑन लागतात म्हणून घटनेची शक्यता ग्लुऑनांच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात येते, निदान पहिल्या अंदाजात. वर्ग असल्यामुळे ग्लुऑनांतली छोटी घट मोजमापात मोठी दिसते. ही प्रक्रिया सगळ्यांची लाडकी आहे ती यासाठी.

शिवाय डिटेक्टरमध्ये ती ओळखायला सोपी पडते. समोरासमोरच्या शिसे-शिसे टकरीत हजारो कण उडतात. यूपीसीत सगळा डिटेक्टर रिकामा आणि मधोमध फक्त दोन म्यूऑन. पहिल्यांदा असं चित्र पाहिलं की काहीतरी बिघडलंय असंच वाटतं.

हात घालायची सुरुवात: म्यूऑनांच्या जोड्या

आता लॅपटॉप उघडा. सर्नचं ओपन डेटा पोर्टल २०१४ पासून चालू आहे. तिथे सीएमएस प्रयोगाची म्यूऑन-जोड्यांची एक तयार फाइल आहे. २०१० च्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतल्या एक लाख जोड्या, साध्या तक्त्याच्या रूपात. ती उतरवून घ्या. प्रत्येक ओळीत दोन म्यूऑनांचे आडवे (टकरणाऱ्या कणांच्या दिशेला काटकोनातले) संवेग, कोन आणि इतर राशी असतात. फाइलमध्ये जोडीचं वस्तुमान आधीच काढून दिलेलं आहे, पण ते वापरू नका, स्वतः काढा. सूत्र शब्दांत असं: दोन आडव्या संवेगांचा गुणाकार दुप्पट करा, मग त्याला एका वजाबाकीने गुणा. वजाबाकी म्हणजे स्यूडोरॅपिडिटीतल्या (म्यूऑनचा टकरणाऱ्या कणांच्या दिशेशी असलेला कोन सांगणाऱ्या राशीतल्या) फरकाचा कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, वजा भोवतालच्या कोनातल्या फरकाचा कोसाइन. येईल तो वस्तुमानाचा वर्ग.

हातावर पडताळून बघा. प्रत्येकी १.५५ जीईव्हीचे दोन म्यूऑन एकमेकांच्या बरोब्बर उलट दिशेने गेले, स्यूडोरॅपिडिटीत फरक शून्य, तर कंसात १ वजा उणे १, म्हणजे २. वर्ग येतो ९.६१, वर्गमूळ ३.१०. जे-साय मिळाला.

मग सगळ्या लाख जोड्यांचा हिस्टोग्राम काढा, दोन्ही अक्ष लॉगवर ठेवून. ३.१ ला जे-साय, ३.७ च्या जवळ त्याचा थोरला भाऊ साय-२एस, ९.५ ला अप्सिलॉन आणि ९१ ला झेड बोसॉन असे सुळके दिसायला हवेत. जे-सायच्या सुळक्यावर एक गॉसियन आणि खाली उतरती पार्श्वभूमी बसवा आणि सुळक्यातल्या घटना मोजा. रूट हे सर्नचं सॉफ्टवेअर शिकायचं तर इथेच शिका. सुरुवातीला नुसत्या पायथॉननेही भागतं.

एक सावधगिरी. या फाइलमधले जे-साय यूपीसीतले नाहीत. ते प्रोटॉनांच्या थेट टकरींतून आणि बी-मेसॉनांच्या ऱ्हासातून आलेले आहेत. त्यांवरून शॅडोइंगबद्दल काहीही म्हणता येत नाही. हा फक्त हात बसवायचा सराव आहे. काही मुलं इथेच थांबून प्रोजेक्टला "ग्लुऑनांचा अभ्यास" असं नाव देतात, आणि तोंडी परीक्षेत फजिती होते.

कोणते जे-साय आपले

यूपीसीतला जे-साय दोन प्रकारांनी तयार होतो. फोटॉन अख्ख्या केंद्रकाशी एकदिलाने वागला तर ती कोहेरंट घटना. एखाद्या एकट्या न्यूक्लिऑनशी वागला तर इनकोहेरंट. फरक आडव्या संवेगात दिसतो. १९७ एमईव्ही-फर्मी हा आकडा ७ फर्मीने भागला की साधारण २८ एमईव्ही येतात. म्हणजे अख्ख्या केंद्रकाशी गाठ पडलेल्या जे-सायला आडवा संवेग फक्त काही दशक एमईव्हीचा मिळतो. एका न्यूक्लिऑनशी गाठ पडली तर आकार लहान, म्हणून संवेग काही शे एमईव्ही. प्रयोगांत ०.२ जीईव्हीच्या आसपास कात्री चालवतात, आणि उरलेली भेसळ आलेखाच्या आकारावरून वजा करतात.

भेसळ आणखीही असते. दोन फोटॉन आपसात भिडून थेट म्यूऑनांची जोडी करतात, आणि तीही रिकाम्या डिटेक्टरमध्ये, तशाच छोट्या आडव्या संवेगाची. तिला सुळका नसतो, म्हणून वस्तुमानाच्या आलेखात ती सपाट पार्श्वभूमी म्हणून बाजूला काढता येते. साय-२एस मोडून झालेले जे-सायही असतात. हे सगळं स्वतः बनवून बघायचं तर स्टारलाइट नावाचा घटना-जनक कार्यक्रम आहे, खास यूपीसीसाठी लिहिलेला. शिसे, ५.०२ टीईव्ही आणि जे-साय निवडा, काही हजार घटना काढा, आणि आडव्या संवेगाचे दोन डोंगर एकावर एक ठेवून बघा. माझ्या मते या सगळ्या अभ्यासात सर्वात जास्त शिकवणारा आलेख हाच.

एक्स काढा, आणि लगेच शंका घ्या

गणित अगदी लहान आहे. जे-सायचं वस्तुमान भागिले न्यूक्लिऑनांच्या जोडीमागची ऊर्जा, आणि मग ई या संख्येचा रॅपिडिटीएवढा घात, अधिक किंवा उणे. रॅपिडिटी म्हणजे टकरणाऱ्या कणांच्या दिशेतल्या वेगाचं माप. शिसे-शिसे टकरी २०१५ आणि २०१८ मध्ये ५.०२ टीईव्हीला झाल्या. ३.०९७ भागिले ५०२० म्हणजे ०.०००६२. रॅपिडिटी शून्य असेल, म्हणजे जे-साय अगदी मधोमध असेल, तर एक्स एवढाच.

आता जे-साय रॅपिडिटी ३ ला मिळाला असं समजा. ई चा तिसरा घात साधारण २०. मग एक्स एकतर ०.०१२, नाहीतर ०.००००३१. हे "एकतर-नाहीतर" फार महत्त्वाचं. दोन्ही केंद्रकं सारखीच. फोटॉन कुणी सोडला आणि ग्लुऑन कुणी दिले हे नुसत्या जे-सायकडे पाहून कळत नाही. फोटॉन जोरदार असेल तर ग्लुऑन लहान एक्सचा, फोटॉन मंद असेल तर ग्लुऑन मोठ्या एक्सचा. मंद फोटॉन पुष्कळ, जोरदार फोटॉन थोडे. म्हणून सर्नच्या अॅलिस या प्रयोगाच्या पुढच्या बाजूच्या म्यूऑन स्पेक्ट्रोमीटरमध्ये, जो २.५ ते ४ या रॅपिडिटीत बघतो, ४ च्या टोकाला साधारण ९५ टक्के घटना मोठ्या एक्सच्या असतात, आणि २.५ च्या टोकाला साधारण ६० टक्के. नवखा माणूस "पुढच्या बाजूचा डिटेक्टर म्हणजे लहान एक्स" हे वाचतो आणि सगळेच बिंदू ०.००००३ ला नेऊन ठेवतो. नेमकं उलट असतं.

यावर तोडगा निघाला तो न्यूट्रॉनांतून. केंद्रकं जितक्या जवळून जातात तितकी शक्यता जास्त, की त्याच वेळी आणखी फोटॉनांची देवाणघेवाण होईल, केंद्रक हादरेल आणि एखाद-दोन न्यूट्रॉन सरळ पुढे सोडेल. अॅलिसच्या दोन्ही बाजूंना टक्करबिंदूपासून शंभर मीटरहून जास्त अंतरावर यासाठी कॅलरीमीटर बसवलेले आहेत. न्यूट्रॉन एकाही बाजूला नाही, एका बाजूला आहे, दोन्ही बाजूंना आहे, असे तीन गट पाडायचे. प्रत्येक गटात जवळून-लांबून जाण्याचं प्रमाण वेगळं, म्हणून जोरदार आणि मंद फोटॉनांचं प्रमाणही वेगळं. अज्ञातं दोन आणि समीकरणं त्याहून जास्त, म्हणून दोन्ही एक्सचे वाटे वेगळे सोडवता येतात. २०२३ मध्ये सीएमएस आणि अॅलिस या दोघांनी या रीतीने निकाल दिले. अॅलिसचे बिंदू फोटॉन-केंद्रक ऊर्जा १७ पासून ९२० जीईव्हीपर्यंत जातात. ९२० जीईव्हीला एक्स काढा: वस्तुमानाचा वर्ग भागिले ऊर्जेचा वर्ग, म्हणजे ९.५९ भागिले ८,४६,४००, म्हणजे साधारण ०.००००११.

शॅडोइंगचा आकडा स्वतः काढणे

यासाठी कच्चा डेटा लागत नाही. हेपडेटा नावाच्या भांडारात प्रसिद्ध झालेल्या मोजमापांचे तक्ते ठेवलेले असतात. तिथून फोटॉन-शिसे क्रॉस सेक्शनचा (म्हणजे घटनेच्या शक्यतेचा, जी बार्न या क्षेत्रफळाच्या एककात मोजतात), ऊर्जेप्रमाणे दिलेला, तक्ता घ्या. रॅपिडिटीप्रमाणे दिलेला घेतलात तर फोटॉनांच्या झोताचं गणित तुम्हालाच करावं लागेल, आणि ते पहिल्या खेपेला नको.

आता तुलनेसाठी अपेक्षा काढायची: शॅडोइंग अजिबात नसतं तर किती क्रॉस सेक्शन मिळाला असता? याला इम्पल्स अॅप्रॉक्सिमेशन म्हणतात. त्याचे दोन तुकडे. पहिला, एका प्रोटॉनवर जे-साय होण्याचा क्रॉस सेक्शन. हेराच्या मोजमापांनुसार तो ९० जीईव्हीला साधारण ८० नॅनोबार्न आहे आणि ऊर्जेच्या साधारण ०.७ व्या घाताने वाढतो. संवेगबदलाबरोबर तो किती झपाट्याने घटतो हे सांगणाऱ्या सुमारे ५ या उताराने त्याला गुणलं की शून्य संवेगबदलाजवळची किंमत मिळते. दुसरा तुकडा म्हणजे शिशाच्या फॉर्म फॅक्टरच्या, म्हणजे केंद्रकाच्या घनतेच्या फूरिए रूपांतराच्या, वर्गाचं संकलन. घनतेसाठी वुड्स-सॅक्सन सूत्र वापरा, त्रिज्या ६.६२ फर्मी आणि काठाची जाडी ०.५४६ फर्मी. फूरिए रूपांतर संगणकावर करा. शून्याला फॉर्म फॅक्टर बरोबर २०८ यायला हवा. नाही आला तर पुढे जाऊ नका. २०८ चा वर्ग मोठा दिसतो, पण केंद्रक मोठं असल्याने संवेगबदलाचा पट्टा अरुंद होतो, आणि एकूण वाढ न्यूक्लिऑनसंख्येच्या चार-तृतीयांश घाताएवढीच राहते.

दोन्ही तुकड्यांचा गुणाकार काही दशक मायक्रोबार्नमध्ये यायला हवा. मिलिबार्नमध्ये आला तर एककं घसरली आहेत. फर्मीचे जीईव्हीत रूपांतर करताना ०.१९७ एकदा लागतो की दोनदा, इथे बहुतेकांचे घोडे अडते. वर्ग असेल तिथे दोनदा.

आता मोजलेला आकडा भागिले अपेक्षा, आणि त्याचं वर्गमूळ. वर्गमूळ विसरू नका. ग्लुऑन वर्गात आहेत. मधल्या रॅपिडिटीला, एक्स ०.०००३ ते ०.००१४ च्या पट्ट्यात, अॅलिसने २०२१ मध्ये दिलेला आकडा सुमारे ०.६५ आहे. त्याचा वर्ग ०.४२. म्हणजे घटना अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी, आणि ग्लुऑन साधारण दोन-तृतीयांश. तुमच्या वहीत ०.६ ते ०.७ मध्ये काही आलं तर रीत बरोबर आहे. उतार आणि घात थोडे हलवून उत्तर किती हलतं तेही बघा आणि तो फरक त्रुटीची पट्टी (एरर बार) म्हणून लिहा. पट्टी नसलेला आकडा कुणी वाचत नाही.

मग तीच कृती बाकीच्या ऊर्जांना करा. एक्स खाली जाईल तसा आकडा आणखी घटताना दिसेल. इथे एक मोह होतो तो "ग्लुऑन सॅच्युरेशन सापडलं" असं जाहीर करण्याचा. सॅच्युरेशन म्हणजे ग्लुऑन इतके दाटतात की नवे फुटण्याचा आणि जुने एकमेकांत मिसळण्याचा वेग बरोबरीत येतो. जड केंद्रकात हे लवकर व्हावं, कारण एकाच चौरस फर्मीत २०८ च्या घनमूळाएवढे, म्हणजे जवळजवळ सहापट ग्लुऑन एकावर एक येतात. पण नुसत्या शॅडोइंगवर आधारलेली आणि सॅच्युरेशनवर आधारलेली दोन्ही गणितं आजच्या लहान एक्सच्या बिंदूंच्या जवळपास येतात. या आलेखावरून त्यांच्यात निवाडा होत नाही.

दुसरी कडू गोष्ट: "घनतेचा वर्ग" हा पहिला अंदाज आहे. पुढच्या पायरीचं क्यूसीडीचं (तीव्र बलाच्या सिद्धांताचं) गणित केलं की ग्लुऑनांचे वाटे काही प्रमाणात आपसात कटतात आणि क्वार्कांचा वाटा ध्यानात घ्यावाच लागतो. प्रोजेक्टमध्ये हे एका वाक्यात प्रामाणिकपणे लिहा. परीक्षक ते वाक्य शोधतच असतो.

तयार नकाशांशी ताडून बघणे

केंद्रकातल्या क्वार्क-ग्लुऑनांचे जागतिक नकाशे वेगवेगळे गट तयार करतात. त्यांना न्यूक्लियर पीडीएफ म्हणतात. ईपीपीएस-२१, एनसीटीईक्यू-१५ आणि एनएनएनपीडीएफ-३.० ही नावं सारखी भेटतील. ती वाचण्याचं साधन एलएचएपीडीएफ, आणि ते लिनक्सवर नीट बसतं. विंडोज असेल तर त्यातच लिनक्सची सोय चालू करून घ्या. शिशाचा ग्लुऑन भागिले प्रोटॉनचा ग्लुऑन असं गुणोत्तर, स्केल साधारण २.४ जीईव्ही वर्ग धरून, एक्सविरुद्ध काढा. २.४ का? जे-सायच्या वस्तुमानाच्या वर्गाचा चौथा हिस्सा, म्हणून. ईपीपीएस-२१ च्या संचात १०७ सदस्य असतात: एक मधला, ४८ केंद्रकाच्या अनिश्चिततेचे, ५८ प्रोटॉनच्या. सगळे काढून पट्टा रंगवा आणि त्यावर आपले बिंदू ठेवा.

ईपीपीएस-१६ चा पट्टाही शेजारी काढला तर एक मजा दिसते. लहान एक्सला जुना पट्टा खूप रुंद, नवा बराच अरुंद. मधल्या काळात एलएचसीबी या सर्नच्याच प्रयोगाने मोजलेले प्रोटॉन-शिसे टकरींतले डी-मेसॉन गणितात आले. डी-मेसॉन हा ग्लुऑनांकडे जाणारा वेगळाच रस्ता आहे, तसेच डायजेट (कणांच्या झोतांच्या जोड्या), तसेच थेट फोटॉन. जे-सायच्या वाटेने काढलेलं उत्तर त्या पट्ट्यात बसतं का, हे पाहण्यात खरी गंमत आहे. वेगवेगळ्या रस्त्यांनी एकच नकाशा निघाला तर नकाशावर भरवसा ठेवता येतो.

इंदुरात कुणाकडे जायचं

सिमरोलच्या आयआयटी इंदूरचा अॅलिस प्रयोगात सहभाग आहे, आणि हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. कॅटचं नातं वेगळं, यंत्राशी आहे. २७ किलोमीटरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधले १५ मीटर लांबीचे अजस्र चुंबक ज्या जॅकवर बसवून केसाच्या जाडीइतके सरकवता येतात, त्या सात हजारांहून जास्त जॅकचा आराखडा कॅटने केला आणि त्यांतले बरेच इंदुरातच इंडो-जर्मन टूल रूममध्ये तयार झाले. अॅलिसच्या म्यूऑन कक्षांतले संकेत पूर्वी वाचणारी मानस चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने आखलेली आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास कॅट बघायला मिळते का याची चौकशी आपल्या कॉलेजात आधीपासून करून ठेवा. आत जायला ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी लागते.

एखाद्या गटात उन्हाळी प्रोजेक्ट हवा असेल तर मेल इंग्रजीत, चार-पाच ओळींचा लिहा. नुसता बायोडेटा पाठवू नका. वरचा शॅडोइंगचा आलेख, बिंदू आणि पट्टा दोन्ही असलेला, जोडा. तो काढताना कुठे अडलात ते एका ओळीत सांगा. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे सर्नच्या विद्यार्थी-योजनांसाठी इथून अर्ज करता येतो. ते हिवाळ्यात निघतात, आणि शिफारसपत्रं आधीच मागून ठेवावी लागतात. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर जाम परीक्षा. ती साधारण फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतात.